सातव्या वाट्याचा जिताडा

आमच्या घराण्यात आजवर कुणीही मासा पकडलेला नाही. तरीही मी एका तळ्याचा मालक होतो. तळ्याला सात मालक होते आणि त्यांतला सातवा मी. पाणी नेमकं कुठून कुठपर्यंत माझं, हे मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

नव्वदीची सुरुवात होती. मी पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. चित्रकलेच्या शिक्षकाला गावात कुणीही काहीही रंगवायला सांगतं. (मुख्याध्यापकांनी मला एकदा घरचा पाळणा रंगवायला दिला होता. शाळेचा शिपाई मात्र सांगत नसे, तो हुकूम करत असे.) तर एका रविवारी बाळाराम नावाचा गृहस्थ पत्र्याची कोरी पाटी घेऊन माझ्या दारात आला. आपट्याच्या अलीकडे पाताळगंगेच्या काठाला त्याचं गाव. अंगात पांढरा झब्बा, गळ्यात जाड साखळी, आणि आवाज असा की समोरच्या बिऱ्हाडातून दोन माणसं आमचं काय भांडण झालं ते बघायला बाहेर आली.

"मास्तर, लिवा," तो म्हणाला. "ह्या तल्यान म्हशी घालू नये. हुकमावरून, सात पातीदार."

पाती म्हणजे धंद्यातला हिस्सा, आणि पातीदार म्हणजे हिस्सेकरी, एवढं मला ठाऊक होतं. पण तळ्यातली पाती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी पाटी रंगवायला बसलो आणि बाळाराम शेजारी उकिडवा बसून सांगू लागला. त्यांच्या गावातल्या बऱ्याच जणांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या होत्या आणि भरपाईचे पैसे हातात आले होते. बाकीच्या गावाने त्या पैशांतून मोटारसायकली घेतल्या, या सात जणांनी बांध घातला, तळं खणलं आणि त्यात जिताडा या माशाची पिल्लं सोडली.

"तीनशे पिल्लं सोरलीत आमी. पावसाल्यात खारीतना पकरून आनलेली. दोन वर्सांनी येकेक जिताडा येवरा व्हयल," असं म्हणून त्याने दोन्ही हात पसरले. उजवा हात माझ्या लाल रंगाच्या डब्यात गेला. तो त्याने झब्ब्याला पुसला आणि तितक्याच उत्साहाने पुढे सांगत राहिला.

आमच्याकडे जिताडा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. पापलेट लोक विकत घेतात. जिताडा पाठवतात. जावई रुसला, जिताडा पाठवा. कोर्टात केस जिंकली, वकिलाला जिताडा पाठवा. कचेरीत कागद हलत नाही, साहेबाच्या बंगल्यावर मागच्या दाराने जिताडा पाठवा. आमच्या घरी मात्र कुणी कधीच जिताडा पाठवला नव्हता. चित्रकलेच्या शिक्षकाकडे कुणाचं काही अडत नाही.

त्यामुळे बाळाराम जेव्हा म्हणाला, "आमचा सातवा पातीदार भांडून निंगाला. त्याची पाती रिकामी हाय, तुमी घेता काय?" तेव्हा माझा ब्रश हवेतच थांबला. मी ती पाटी फुकट रंगवून दिली आणि वर पातीही घेतली.

पैसे फ्रीजसाठी ठेवलेले होते. बायकोला, म्हणजे नलूला, मी संध्याकाळी शांतपणे समजावून सांगितलं. "हे बघ, फ्रीज घेऊन त्यात शिळा मासा ठेवायचा, त्यापेक्षा तळं घेऊन ताजा आणायचा. तळं हा नैसर्गिक फ्रीजच झाला."

"दूध कुठे ठेवू? तळ्यात?" नलूने विचारलं.

आई आत कांदा चिरत होती. ती म्हणाली, "रघू, सातवा वाटा म्हणजे डोकं की शेपूट, ते आधी विचारून घे."

मी विचारलं नाही. दोन वर्षं मी तळ्यावर दर दिवाळीत एक चक्कर मारत असे. बांधावर उभं राहून पाण्याकडे बघत असे. पाणी गढूळ, हिरवट, आणि अगदी स्तब्ध. बाळाराम बोटाने दाखवत असे, "तो बघा, तो बघा, गेला." मला कधीच काही दिसलं नाही. पण मालकाला दिसत नाही असं कसं म्हणणार, म्हणून मीही "वा, मोठा झालाय की" असं म्हणत असे.

असं सगळं छान चाललेलं असताना माझ्या धाकट्या बहिणीने, वासंतीने, लग्न ठरवलं. ती कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर टायपिस्ट होती. सुहास तिथेच शेजारच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. मुलगा सोन्यासारखा. एकच अडचण होती, ती म्हणजे त्याचे वडील, नाना. सुहासची आई त्याच्या लहानपणीच गेलेली, नानांनी रेवदंड्याला त्याला एकट्याने वाढवलेलं. तो त्यांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता, आणि तसं जावं असं वासंतीचंही म्हणणं नव्हतं. पण ती मला एवढंच म्हणाली, "दादा, नानांनी नाही म्हटलं तर मी दुसऱ्या कुणाला बघणार नाही. मला पुन्हा पोहे करायला सांगू नका." तिने हे इतक्या हळू सांगितलं की मला भीती वाटली. आमची वासंती हळू बोलणाऱ्यांतली नव्हती.

नाना आले. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा, कमी बोलणारे. मुलीला त्यांनी नाव विचारलं, टायपिंगचा वेग विचारला आणि पानावर बसले. नलूने पापलेटाचं कालवण आणि तळलेल्या तुकड्या केल्या होत्या. बाजारातून सर्वांत मोठे पापलेट मी स्वतः निवडून आणले होते. नानांनी तुकडीला बोट लावलं. दाबलं. मग ती ताटाच्या कडेला सरकवली आणि म्हणाले, "हा बराच प्रवास करून आलेला दिसतो."

नानांनी पुढचं जेवण वरणभातावर केलं. जाताना दारात चपला घालत म्हणाले, "बघू."

'बघू' या शब्दाचा अर्थ मराठी मुलीच्या घरच्यांना कुणी समजावून द्यावा लागत नाही. वासंती आत निघून गेली. आई माझ्याकडे बघत होती, नलू माझ्याकडे बघत होती, आणि कढईतला उरलेला पापलेटही माझ्याकडेच बघत होता. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी जिन्यावरून धावत खाली गेलो, रिक्षात बसणाऱ्या नानांना गाठलं आणि म्हणालो, "नाना, आज जरा घाई झाली. पुढच्या खेपेला आमच्या तळ्यातला जिताडा खाऊ घालतो."

नाना थांबले. "तुमचं तळं आहे?"

"आहे ना," मी म्हणालो.

सातव्या हिश्शाबद्दल बोलायला वेळ नव्हता. रिक्षा चालू झाली होती.

तीन-चार दिवसांनी सुहास निरोप घेऊन आला. नाना फार खूश होते. इतके, की ते म्हणाले होते, जिताडा घरी आणून कशाला ठेवायचा, येत्या रविवारी आपण सगळेच तळ्यावर जाऊ आणि तिथेच काढून तिथेच खाऊ. जाण्यायेण्याला सुहास ऑफिसचा टेम्पो आणणार होता.

मी त्याच संध्याकाळी बाळारामाच्या घरी हजर झालो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. (बाळारामाला लग्नाच्या नुसत्या नावानेही रडू येत असे. तो वरातीतही रडत नाचायचा, असं त्याची बायको सांगते.)

"लगीन व्हयाला पायजे, मास्तर. आयतवारी जाला टाकू. पन साती पातीदार हजर पायजेत. आनी जा काय गावल, त्याचं सात वाटं घालाय लागतीन."

"म्हणजे?"

म्हणजे असं. तळ्यात जाळं पडलं की जे निघेल त्याचे सात ढीग करायचे. प्रत्येक पातीदाराने आपली एक खूण मूठ मिटून टोपीत टाकायची. कुणी चावी टाकतो, कुणी बिडी, कुणी शर्टाचं बटण. मग गावाबाहेरच्या माणसाने ढिगांकडे पाठ करून एकेक खूण बाहेर काढायची आणि ज्याची खूण त्याचा ढीग. वशिला नाही, भांडण नाही. बाळारामाच्या आजाच्या काळापासून बंदरावर हीच रीत, आणि तीच त्यांनी तळ्यावर आणली होती.

"पण मग जिताडा माझ्याच ढिगात येईल कशावरून?"

"तीनशे हायत मास्तर. समद्यांच्या ढिगान येतीन."

"आणि नाहीच आला तर?"

बाळारामाने विचार केला. मग आवाज खाली आणला. त्याचा खाली आणलेला आवाज म्हणजे इतरांचं साधं बोलणं. "तुमची खून काय?"

माझ्या खिशात कायम खडू असतात. मी एक गुलाबी खडू काढला. तो म्हणाला, "माज्याजवल पन दोन दिऊन ठेवा. मी माजी चावी टाकीत नाय, तुमचा खडूच टाकतंव. माजा ढीग तुमचा. पन कुनाला बोलू नका, समद्यांच्या पुढं लाज नको."

माझा ऊर भरून आला. मी त्याला दोन पांढरे खडू दिले आणि परत येताना वाटेत हिशेब केला. साताला एक संधी होती, ती आता साताला दोन झाली. गणित माझं कच्चं असलं तरी अजून पाच ढीग उरतात एवढं मला कळत होतं.

रविवारी टेम्पो आला. मागे लोखंडाच्या सळ्या भरलेल्या, कारण ड्रायव्हरला परतताना त्या कुठेतरी टाकायच्या होत्या. आई आणि नाना पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मी, नलू, वासंती आणि सुहास मागे सळ्यांवर, मधे नारळाच्या वाटणाचा डबा, भाताचं पातेलं आणि दोन स्टोव्ह. प्रत्येक खड्ड्याला सळ्या एकदम उडत आणि आमच्यासकट खाली येत. नलू पातेलं धरून म्हणाली, "नैसर्गिक फ्रीज."

तळ्यावर सहाही पातीदार आमची वाट बघत उभे होते. त्यात पदीबाय नावाची एक साठीची बाई होती. नवऱ्यामागे पाती तिच्या नावावर झालेली, कासोटा घट्ट, तोंडात तंबाखू. नानांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "ही मंडळी कोण?"

मी म्हणालो, "आपलीच माणसं आहेत."

खोटं काही त्यात नव्हतं. पण नाना ज्या पद्धतीने "अच्छा" म्हणाले, त्यावरून ते त्यांना माझे गडी समजले हे उघड होतं, आणि मी ज्या पद्धतीने गप्प बसलो, त्यावरून ते पदीबायलाही कळलं. तिने जाळ्याची एक बाजू उचलली आणि माझ्या हातात दिली. "धरा मालक," ती म्हणाली. "पानी तुमचं, मासं तुमचं. आमी काय, गरीब मानसं."

नानांसमोर नाही म्हणता येईना. मी पँट दुमडली आणि तळ्यात पाय टाकला. पाय आत गेला तो जातच राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, त्यावर कमरेपर्यंत पाणी. पलीकडून बाळाराम ओरडत होता, "ओढा मास्तर, ओढा." मी ओढायला गेलो आणि जाळ्याने मलाच ओढलं. माझी चप्पल चिखलात राहिली, मी पुढे गेलो, आणि जाळं जेव्हा काठाला लागलं तेव्हा त्यातून सर्वांत आधी माझी चप्पल निघाली. पदीबाय म्हणाली, "ही ढिगान नको घालू, ही मालकाचीच."

वासंतीकडे बघायचं मी टाळत होतो, पण एकदा नजर गेलीच. ती हसत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती जाळ्याकडे बघत होती, जणू तिच्या परीक्षेचा निकाल त्यात अडकला होता. मग मीही वाकून बघू लागलो.

जाळ्यात बोय मासे होते. कोळंबी होती. दोन-तीन चिंबोऱ्या होत्या. खाजणातल्या, म्हणजे खाऱ्या चिखलातल्या, बोटभर निवट्या होत्या, त्या टुणटुण उड्या मारत होत्या. आणि मधोमध, जेमतेम चालायला लागलेल्या पोराएवढा, रुपेरी, लालसर डोळ्यांचा एक जिताडा शेपटी आपटत होता.

एक.

"बाकीचे?" मी विचारलं.

जाळं पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदाही फिरवलं. जिताडा एकच. बाळाराम बराच वेळ त्या माशाच्या जबड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "समदं यानंच खाल्लं. तरी मी बोलतंव, दोन वर्सां चारा कसा घालाय लागला नाय."

म्हणजे तळ्याचा खरा मालक आत्ता बाहेर निघाला होता. बाकी आम्ही सगळे पातीदारच!

ढीग घालायला सुरुवात झाली. सहा ढिगांत बोय, कोळंबी आणि निवट्या, सातव्यात एकटा जिताडा. मी पदीबायला बांधामागे बाभळीकडे बोलावलं आणि हळूच सगळं सांगितलं. बहिणीचं लग्न, नाना, पापलेट. ती तंबाखू थुंकून म्हणाली, "मंग आदी नाय सांगायचा? आन हिकरं." मी तिला पिवळा खडू दिला. तिच्यानंतर धोंडूशेट नावाचे एक वयस्कर पातीदार होते, त्यांनाही बाभळीमागे नेलं आणि निळा खडू दिला. दोघांनाही बजावलं, कुणाला बोलू नका. आता टोपीत चार खडू झाले होते. सातात चार. मला पुष्कळ हायसं वाटलं. आणखी कुणाकडे मागायचं म्हणजे फारच निर्लज्जपणा दिसला असता.

मी नानांकडे गेलो आणि म्हणालो, "नाना, आमच्याकडे एक जुनी रीत आहे. वाटे घालतो. मान पाहुण्याचा."

"माणसांना वाटा देता? चांगलं आहे," नाना म्हणाले आणि एका पालथ्या घमेल्यावर ढिगांकडे पाठ करून बसले. बाळारामाने टोपी फिरवली. सगळ्यांनी मुठी टाकल्या. टोपी नानांच्या मांडीवर ठेवली.

बाळारामाने पहिल्या ढिगावर काठी टेकवली. "हा कुनाचा?"

नानांनी टोपीत हात घालून खूण वर धरली. गुलाबी खडू.

"मास्तरांचा," बाळाराम आनंदाने म्हणाला. पहिल्या ढिगात सगळ्या निवट्या होत्या. हरकत नाही, अजून तीन खडू होते.

"हा कुनाचा?"

पिवळा खडू. "मास्तरांचा."

"हा कुनाचा?"

पांढरा खडू. "मास्तरांचा."

नाना म्हणाले, "रघुनाथराव, नशीबवान आहात."

चौथ्यालाही खडूच आला. माझा आता एकही खडू टोपीत उरला नव्हता आणि जिताडा तर अजून शेवटच्या ढिगात पडून होता. मी डोळे मिटले. वासंतीचं लग्न मोडलं, असं मनात म्हणून टाकलं.

"हा कुनाचा?" बाळारामाचा आवाज.

मी डोळे उघडले. नानांच्या हातात अर्धा मोडलेला पांढरा खडू होता.

मी बाळारामाकडे बघितलं. तो अगदी शांत होता. उलट मी कसा काय चकित झालो, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. सहावा खडू निघाला तेव्हा मात्र त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या. आमच्या दोघांच्याही लक्षात एकाच क्षणी आलं. मी माझ्याकडून दोघांना फितवलं होतं, आणि या भल्या गृहस्थाने माझे दोन खडू मोडून त्यांचे चार तुकडे केले होते. एक स्वतःसाठी, तीन उरलेल्या तिघांसाठी. त्यानेही प्रत्येकाला बजावलं होतं, कुणाला बोलू नका. आणि कुणीही बोललं नव्हतं. पनवेल तालुक्यात एवढं गुपित त्याआधी आणि त्यानंतर कधी राखलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

सातवा खडू नानांनी न विचारताच वर धरला. तो निळा होता.

"मास्तरांचा," बाळाराम म्हणाला. या वेळी त्याचा आवाज आमच्या शाळेतल्या मुलांसारखा आला, पाढा न येणाऱ्या.

नाना उठले, वळले. समोर सात ढीग, प्रत्येक ढिगावर एक खडू. रंगपंचमी होऊन आठवडा उलटला होता, पण तळ्यावर ती अजून चालू आहे असं वाटावं. ढिगांच्या मागे सहा माणसं आपापल्या पायांकडे बघत उभी. एक निवटी ढिगातून उडाली आणि माझ्या ओल्या पँटवर येऊन पडली. तिला झटकायचंही मला धैर्य झालं नाही.

"बाकीच्यांना काही नाही?" नानांनी विचारलं.

शेवटी पदीबाय पुढे आली. "आमाला नको. पोरीचं लगीन व्हतंय तं मासा जाऊ दे. मास्तर काय मालक नाय, आमच्यातलाच येक हाय. पन मानूस बरा हाय. नुसता येरा हाय."

"मला माहीत आहे," नाना म्हणाले.

"काय माहीत आहे?" मी विचारलं. आवाज कुठून आला ते मला कळलं नाही.

"तुमची सातवी पाती. तुमच्या आईंनी पळस्प्याच्या फाट्यालाच सांगितलं. फ्रीजचंही सांगितलं."

मी आईकडे बघितलं. ती स्टोव्हला पंप मारत होती. "विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "मी काय खोटं बोलू?"

"आणि खडूंचं?"

"बाभळीच्या झाडाला पानं किती असतात, रघुनाथराव?" नाना म्हणाले. "तुम्ही एकेकाला त्याच्यामागे नेत होतात, तेव्हा आम्ही सगळे इथून बघत होतो. सुहास म्हणाला, दादा खडू वाटतायत. मला वाटलं, तुम्हाला शाळेची आठवण आली."

मग ते मिशीला हात लावत त्या सहा जणांकडे वळले. "मी बंदरावर वाढलो. वाटे घालताना लबाडी करणारे पुष्कळ बघितले. सख्खे भाऊ एका घोळ माशावरून कोर्टात गेलेले बघितले. पण स्वतःचा वाटा घालवायला लबाडी करणारे सहा जण एका जागी आजच बघितले." एवढं बोलून त्यांनी टोपी उलटी करून झटकली. "आता ज्याने त्याने आपापली खूण टाका. रीत ती रीत."

पुन्हा चाव्या, बिड्या, बटणं टोपीत पडली. नाना पुन्हा पाठ करून बसले. जिताडा पदीबायला गेला. मला निवट्या आल्या.

पदीबायने जिताडा दोन्ही हातांनी उचलला, थेट वासंतीकडे नेला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. "ही तुजी वटी," ती म्हणाली. "नारल कोनीबी घालतंय." वासंतीने इतका वेळ धरून ठेवलेलं हसू आणि रडू दोन्ही एकदम बाहेर आलं. तिला बघून बाळाराम रडू लागला. त्याला बघून धोंडूशेट. मला कळेना की लग्न ठरलंय की नाही, आणि विचारायची हिंमत होईना, म्हणून मी मुकाट्याने निवट्या धुवायला बसलो.

जिताड्याच्या तुकड्या पदीबायने पाडल्या, वाटण आईचं, चूल बाळारामाची. सातही ढीग एकाच पातेल्यात गेले आणि बांधावर पंगत बसली. नानांनी तुकडीला बोट लावलं. दाबलं. वासंतीने सुहासचा हात धरला होता, आणि त्या दोघांनी तो सगळ्यांसमोर धरलाय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

नानांनी तुकडी खाल्ली. काटा नीट बाजूला ठेवला. दुसरी मागून घेतली. मग आईला म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. ती त्या दिवशीच होती. घरच्या माणसांबद्दल जरा विचार करत होतो. आज तीही शंका फिटली. ज्या घरातल्या कर्त्या पुरुषाला एवढी साधी लबाडी धड करता येत नाही, त्या घरची मुलगी डोळे झाकून सून करून घ्यावी."

आई म्हणाली, "अहो, त्याला लहानपणापासूनच जमत नाही."

मे महिन्यात लग्न झालं. सहाही पातीदार सहकुटुंब आले, बाळाराम अक्षता पडायच्या आधीपासून रडत होता. नाना मला शेजारी उभं करून आपल्याकडच्या प्रत्येक पाहुण्याशी ओळख करून देत होते. "हे मुलीचे थोरले भाऊ. यांना लबाडी जमत नाही." पाहुणे पुष्कळ होते, ऊन वाढत होतं, आणि नानांचा घसा बसत चालला तसं वाक्य आखूड होत गेलं. शेवटच्या रांगेपर्यंत ते एवढंच म्हणू लागले, "हे मुलीचे भाऊ. यांना जमत नाही." आणि मी दोन्ही हात जोडून प्रत्येकाचे मनापासून आभार मानत होतो.